किशोर रहस्यकादंबरी : डिटेक्टिव्ह मुसलमान पोरगी, गाव वऱ्हाडातलं, गोष्टीत जिन. शेवटी जिन खरा ठेवू का?

सबा_मूर्तिजापूर
नमस्कार, सलाम मंडळी.

किशोरवयीन मुलांसाठी एक रहस्यकादंबरी लिहायला घेतली आहे, मराठीत. नायिका झीनत, वय १५, दहावीत. बाप पिंजारी, गाद्या-रजया भरायचं दुकान. गाव मनातलं आहे पण पट्टा खरा, मूर्तिजापूरवरून अचलपूरकडे शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेगाडीची लाइन जाते ना, त्या लाइनीवरचं. गाडी बंद पडलेली, स्टेशनात शेळ्या बसतात, रुळांत बाभळी माजल्या. गावाबाहेर एक जिनिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईचे गठ्ठे बांधायचा कारखाना, तिथून रुईच्या या गठाणी गायब व्हायला लागतात. चौकीदार सांगतो रात्री पांढराफट जिन पाहिला, आणि गाव ते ऐकून मोकळं होतं. आळ मात्र येतो झीनतच्या चाचावर, जो तिथं हमाली करतो. "याच्याच अंगावर जिन येतो म्हणे" असं कुणीतरी पारावर बोलतं अन् झालं, त्या घराकडे बघायची नजरच बदलते.

आता अडचण अशी की माझ्या खर्ड्यात एक खरा जिन आहे. जिनिंगातला नाही, ओसाड स्टेशनातला. म्हातारा, गाडीची वाट बघत बसलेला, झीनतशी बोलतो. ज्यांना वाचायला दिलं त्यातले एक म्हणाले की शेवटी तो वेष पालटलेला माणूस निघाला पाहिजे, नाहीतर मुलांच्या डोक्यात अंधश्रद्धा जाईल. दुसऱ्या म्हणाल्या जिनच काढून टाक, साधी चोरीची गोष्ट ठेव. मला दोन्ही पटत नाही. आमच्या घरी जिनाचा विषय जेवताना निघतो. दादी मोरीत उकळतं पाणी ओतायच्या आधी बिस्मिल्ला म्हणायची, तिथं कुणी असेल तर बाजूला सरकावं म्हणून. आणि घरातून काही हरवलं की तीच दादी चोर मात्र माणसांतच शोधायची.

तर जिन खरा ठेवला तर रहस्यकथा म्हणून तुम्हाला चालेल का? मोकळेपणी सांगा.

वऱ्हाडी_ठेचा
जिनिंगातला जिन! ताई, पुस्तकाचं नाव त इथंच भेटलं तुमाले.

तर्कटराव
नाही चालणार, स्पष्टच सांगतो. रहस्यकथेत वाचकाच्या हातात तेच पुरावे हवेत जे डिटेक्टिव्हच्या हातात आहेत. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यातला दुसराच नियम हा की अलौकिक शक्ती बाद. माणूस स्वतः धर्मगुरू, तरी त्याने गोष्टीत चमत्कार नको म्हटलं. कारण सोपं आहे, एकदा भूत आलं की लेखकाला वाट्टेल ते करता येतं, कुलूप लावलेल्या खोलीतून चोरी झाली तर म्हणायचं जिन भिंतीतून गेला. मग पोरांनी डोकं कशाला चालवायचं? शिवाय आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्याचंही बघा.

निशाचर
शकुंतलेच्या स्टेशनाचं वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. आमच्या मामाचं गाव त्याच लाइनीवर. कोळशाचं इंजिन होतं तोवर, म्हणजे १९९४ पर्यंत, मामा इंजिनाच्या शिट्टीवर शेतातून घरी यायची वेळ ठरवायचे. गाडी बंद झाल्यावर एकदा मी मामेभावासोबत रात्री स्टेशनावरून धुऱ्याधुऱ्याने घरी निघालो, सरळ पांदण, पंधरा मिनिटांचा रस्ता, आणि आम्ही चालत राहिलो चालत राहिलो आणि परत त्याच सिग्नलच्या खांबाशी आलो. मामेभाऊ म्हणे चकवा लागला, खाली बस, चप्पल उलटी घाल. घातली. मग रस्ता सापडला. मी इंजिनिअर माणूस आहे, अंधारात दोन्ही बाजूला तुरीचं उभं पीक असलं की दिशा हरवते हे मला समजतं. पण त्या खांबाला हात लागला तेव्हा अंगावर आलेला काटा खरा होता. कादंबरीत मला तो काटा पाहिजे. जिन ठेवा.

अकोटची_शबाना
@तर्कटराव, कायद्याचं नाव घेतलंत म्हणून लिहिते. तो कायदा गोष्टीत जिन आणायला मनाई करत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणं, मारहाण करणं, चमत्काराचा देखावा करून पैसे उकळणं, लोकांत घबराट पसरवणं, असले प्रकार त्याच्या अनुसूचीत आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. आणि तो सगळ्या धर्मांच्या बाबांना सारखा लागू आहे, आमच्यातल्या झाडफूक करणाऱ्या आमिलांनाही.

सबा, उलट हा कायदा तुझ्या गोष्टीत घाल. चाचावर जिन आहे म्हटल्यावर गावात कुणीतरी उतारा करणारा येणारच. तो चाचाला बांधायला निघतो आणि झीनत पोलीस पाटलांसमोर कायद्याचं कलम वाचून दाखवते. दहावीच्या पोरीने हे करावं, मला फार आवडेल. जिन असणं आणि जिनाच्या नावावर कुणी दुकान मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कुराणात ७२ वी सूरह जिनांच्याच नावाची आहे पण म्हणून गल्लीतल्या माणसाला पाच हजार द्यावेत असं कुठंही लिहिलेलं नाही.

कास्तकार_पातूर
ताई, गोष्ट मस्त हाये पण गठाणीची चोरी मले पटली नाही. एक गठाण १७० किलोची राह्यते, तिले उचलाले माणसं लागते, गाडी लागते, चाकोऱ्या पडते. एवढ्या गठाणी रातोरात कोणी नेल्या तं गावातलं कुत्रं तरी भुंकन.

मी सांगतो कसं करा. गठाणी चोरी गेल्याच नाही, त्या बनल्याच नाही! हिशेब पाहा, १०० क्विंटल कापूस जिनले तं ३३-३४ क्विंटल रुई निंघते, म्हणजे जवळपास २० गठाणी. आता कोणी कापसावर रात्री पाणी मारून वजन वाढवलं तं कागदावर कापूस १०० क्विंटल, पण त्यात पाणीच पाच-सात क्विंटल. रुई कमी भरते. मंग मालकाले काय सांगन? गठाणी जिनानं नेल्या! पाणी मारणारा माणूस आतलाच, कापसाची प्रत पाहणारा ग्रेडर नाही तं मॅनेजर. अन् तुमचा पांढरा जिन बी यातच हाये. जिनिंगात दोन घंटे काम करा, डोक्यापासून पापण्यापर्यंत कापसाचं तुंतू बसते, माणूस वयखू येत नाही. रात्री बल्बाच्या उजेडात असा माणूस पाइप घेऊन उभा राह्यला तं चौकीदार पयनच.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, तुमी त पुस्तकच संपवलं, आता घेणार कोण?

सबा_मूर्तिजापूर
@कास्तकार_पातूर भाऊ, वाचून उठून उभी राहिले! पिंजाऱ्याची पोरगी आहे ती, कापूस तिच्या हातातला. बापाच्या दुकानात येणारी रुई दमट आली की पिंजताना गोळे होतात हे ती लहानपणापासून बघतेय, म्हणजे तिला हे कळणं अगदी सरळ आहे. चोरी झालीच नव्हती हेच रहस्य. फार फार आभार.

@शबाना आपा, उताऱ्याचा प्रसंग घेतेच.

गुरुजी_दारव्हा
सबाताई, एक शंका विचारतो, वाईट हेतू नाही. ही गोष्ट उर्दूत का लिहीत नाही? घरातलं बोलणं मराठीत आणलं की कृत्रिम वाटतं. पुस्तकातला मुसलमान एक तर "या अल्ला, या खुदा" करत असतो, नाही तर पुणेरी मराठी बोलतो.

सबा_मूर्तिजापूर
गुरुजी, मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकले. उर्दू घरी शिकले, वाचते, पण गोष्ट सुचते ती मराठीत. आमच्या घरात अब्बांशी दखनी, शेजारच्या काकूंशी वऱ्हाडी, बाजारात जे तोंडात येईल ते. आणि मुसलमानाच्या तोंडी वऱ्हाडी कृत्रिम कशी वाटेल? डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांनी आयुष्यभर वऱ्हाडीत कविता केल्या, गावोगावची माणसं त्यांना ऐकायला यायची.

मला हे मराठीतच पाहिजे त्याचं खरं कारण सांगते. माझी भाची मराठी शाळेत जाते, वाचनालयातली सगळी साहसकथांची पुस्तकं तिने वाचून काढली, त्यात एकही पोरगी तिच्या नावाची नव्हती. भुताच्या गोष्टींत मुसलमान शोधला तर सापडतो तो खवीस. म्हणजे मेल्यावरच आम्हाला गोष्टीत जागा, आणि तीही लोकांना घाबरवायला. ती जागा मला बदलायची आहे.

रोहिणी_अंजनगाव
शेवटचा पॅरा वाचून गप्प झाले. लिहाच तुम्ही.

एक व्यावहारिक शंका, आई म्हणून. पंधरा वर्षांची पोरगी रात्री जिनिंगकडे, स्टेशनकडे फिरते, घरचे सोडतात कसे? माझी मुलगी सातनंतर क्लासवरून यायची तर मी फाटकात उभी असते. घरात कुणाला कळलंच नाही असं लिहू नका, खोटं वाटतं.

अकोटची_शबाना
रोहिणीताई, त्याला उत्तर आहे. गोष्ट रमजानात घडव. तरावीहच्या म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या नमाजनंतर गल्ली जागीच असते, बायका एकमेकींकडे जातात, पोरं अकरा-बारापर्यंत बाहेर, तीन-साडेतीनला परत सहेरीला, रोज्याआधीच्या खाण्याला, सगळे उठलेले. चुलत भावंडांचा घोळका असला की पोरीला स्टेशनापर्यंत जाता येतं. आणि सहेरीला उठवायला हाळी देत गल्लीगल्लीतून जाणारा फकीर असतो ना, तो एकटा माणूस त्या वेळेला अख्खं गाव बघतो. साक्षीदार म्हणून त्याच्यासारखा कुणी नाही. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतोय, जिनिंगचा हंगामही चालू असतो.

अकरावी_ब
मी अकरावीत आहे, कारंजाला. फेब्रुवारी-मार्च म्हणजे दहावी बोर्ड!!! झीनत बोर्डाचे पेपर सोडून चोर शोधत बसली तर तिची अम्मी जिनाच्या आधी तिलाच पकडेल. तिला नववीत टाका ना प्लीज.

अजून एक. मोठे लोक म्हणतायत की जिन खरा असला तर मुलं अंधश्रद्धाळू होतील. आम्ही मोबाइलवर ड्रॅगन बघतो, म्हणून कुणी ड्रॅगनला घाबरून शाळा सोडली का? आम्हाला कळतं. शेवटी "तो तर चादर पांघरलेला माणूस होता" असं झालं की मला खूप राग येतो, वाटतं लेखकाला आपण अजून तिसरीतले वाटतो. आणि झीनतला सारखं सारखं कुणाला समजावून सांगायला लावू नका की ती रोजा का ठेवते, ओढणी का घेते. माझी मैत्रीण आहे, ती नाही सांगत बसत. ती डबा नाही आणत त्या महिन्यात आणि आम्ही तिच्यासमोर कुरकुरे खात नाही, संपलं.

रोहिणी_अंजनगाव
@अकरावी_ब, किती छान लिहिलंस गं.

पंचांगवाले
रमजान घेणारच असाल तर माझ्याकडून एक पुरावा घ्या, फुकट. चांद्र महिना आहे, त्यामुळे चंद्र आणि तारीख हातात हात घालून चालतात. चौदाव्याच्या आसपास पौर्णिमा, शेवटच्या आठवड्यात काळोख. आता समजा कुणीतरी छातीठोक सांगतो, "सत्तावीसव्याच्या रात्री बाराला लख्ख चांदणं होतं, मी स्वतः चाचाला गोदामाच्या भिंतीवर चढताना पाहिलं." खोटं! त्या रात्री बाराला आभाळात चंद्रच नसतो, पहाटे सहेरीच्या सुमाराला बारीकशी कोर निघते तेवढीच. आणि ती तर शबे कद्रची रात्र, गावातले मुसलमान जागेच असतात, अंधार होता हे शंभर जण सांगतील. ज्याला रमजानचा हिशेब माहीत नाही असाच माणूस ही चूक करेल.

तर्कटराव
वा! ह्याला म्हणतात पुरावा. वाचकाला सत्तावीसवी रात्र आधी सांगायची, चांदणं नंतर, जो हुशार तो पकडेल. पंचांगवाले, सलाम.

पण सबाताई, बघा, इथपर्यंत गोष्ट जिनाशिवाय सुटली. ओलं वजन, कोर, तुंतू लागलेला माणूस. मग तो स्टेशनातला म्हातारा हवा कशाला?

निशाचर
काटा यायला हवा कशाला म्हणजे काय हो!

गिरडची_लेक
वर्ध्याकडून एक उदाहरण देते. समुद्रपूर तालुक्यात गिरड आहे, टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा. टेकडीवर सुपारी-जायफळाएवढे गोल दगड सापडतात. गोष्ट अशी की एका व्यापाऱ्याने बाबांची थट्टा केली आणि त्याचा सगळा माल दगड झाला. कॉलेजात शिकले तेव्हा समजलं की ते जिओलाइट, आपल्या काळ्या बेसॉल्टच्या खडकात पोकळ्या असतात त्यात तयार होतात. मला दोन्ही पाठ आहे. परीक्षेत मी जिओलाइट लिहिलं आणि भाच्याला टेकडीवर घेऊन गेले तेव्हा व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली, एकीने दुसरीचं काही बिघडवलं नाही. पोरं विचारतात "खरं काय", तेव्हा दोन्ही सांगते आणि त्यांना दगड हातात घेऊन बघू देते.

सैलानीला होळीच्या यात्रेला बघा, नारळांची होळी पेटते तिथं हिंदू घरंच्या घरं येतात. विदर्भातल्या गावची गोष्ट लिहायची आणि त्यात हे काहीच नाही, तर ती कुठल्याही गावची होईल.

हाफिजजींचा_नातू
इतका वेळ नुसता वाचत होतो. @तर्कटराव यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे असं वाटतं.

तुमची हरकत ही की जिन आला की काहीही होऊ शकतं. पण आमच्याकडे जिनाला काहीही करता येत नाही, त्याला बांधलेले नियम आहेत आणि ते घरातल्या प्रत्येक म्हातारीला माहीत असतात. पहिला नियम, जिनाला गैब माहीत नसतं. जे डोळ्याआड आहे, जे पुढे होणार आहे, ते फक्त अल्लाहला ठाऊक. कुराणात सुलेमान अलैहिस्सलाम यांचा किस्सा आहे, ते काठीला टेकून उभे असतानाच वारले आणि जिन त्यांच्या धाकाने काम करतच राहिले, कुणाला पत्ता नाही. वाळवीने काठी पोखरली, ते पडले, तेव्हा कुठं जिनांना समजलं. समोर उभा माणूस जिवंत आहे की गेला हे ज्यांना कळलं नाही ते चोराचं नाव कुठून सांगणार?

म्हणजे तुमचा स्टेशनातला म्हातारा जिन साक्षीदार होऊ शकतो, ज्योतिषी होऊ शकत नाही. त्याने स्टेशनावरून जे पाहिलं तेवढंच तो सांगेल. आणि तो चुकेल सुद्धा, खोटंही बोलेल, जिनांत नेकही असतात बदही असतात.

दुसरा नियम तर तुमच्या गोष्टीसाठीच केल्यासारखा आहे. हदीस आहे, म्हणजे पैगंबरांचं वचन, की रमजान आला की शैतान, बदमाश जिन, साखळदंडात बांधले जातात. पहिल्याच रात्री गावभर ओरडा होतो की जिनिंगात बदमाश जिनाने गठाणी नेल्या, आणि झीनतची दादी तसबीहची माळ बाजूला ठेवून शांतपणे विचारते, "रमजानात? रमजानात तर ते सगळे कैदेत असतात. मग हा कोण मोकळा फिरतोय?" तपासाची सुरुवात इथून. पोरगी चोर माणूस आहे असं मानते ते दादीच्या श्रद्धेमुळे. श्रद्धा आणि डोकं यांत भांडण लावायची गरजच पडत नाही.

अकोटची_शबाना
माशाअल्लाह. माझी नानी शब्दशः हेच बोलली असती.

तर्कटराव
हे मला चालेल. अट एकच, हे दोन्ही नियम पहिल्या-दुसऱ्या प्रकरणात आले पाहिजेत, वाचकाच्या समोर, साध्या बोलण्यात. शेवटच्या पानावर नवा नियम काढायचा नाही. जिनावर माझा विश्वास नाही आणि नसणार, पण नियमाने वागणारा साक्षीदार असेल तर तो चार पायांचा असला तरी हरकत नाही.

गुरुजी_दारव्हा
तर्कटराव म्हणतात त्यात एक भर. जिनाची साक्ष पोलीस पाटील लिहून घेणार नाही, ठाणेदार तर नाहीच. म्हणजे झीनतला खरं कळलं तरी सिद्ध करायला तिला दुसरा पुरावा लागणारच. गोष्टीला ताण तिथे आहे. तिला माहीत आहे, सांगता येत नाही. सबाताई, दादीची भाषा तुम्ही दखनीच ठेवा, मी माझा मुद्दा रेटत नाही, ती "कैदेत" म्हणणार नाही, "क़ैद में" म्हणेल, मराठी वाचकाला समजतं तेवढं.

कास्तकार_पातूर
अन् चाचाले खाज सुटलेली दाखवा. कापूस घरात भाव वाढीन म्हून ठेवला की उन्हाळ्याकडे सगळ्या घराले खाज सुटते, बारके किडे राह्यते त्यात. आमच्या घरी लेकरं रातभर अंग खाजवते. गाव म्हणन जिनाचा साया, हाताले चट्टे उठले. झीनत पाह्यते तं तसेच चट्टे ग्रेडरच्या हाताले बी! जो म्हणे मी गोदामात पायच ठेवला नाही.

निशाचर
भाऊ तुम्ही कापूस सोडा, पुस्तकं लिहा.

कास्तकार_पातूर
कापूस सोडला तं खाऊ काय भाऊ. २०२५-२६ च्या हंगामात ८,११० हमीभाव लिहून होता लांब धाग्याले, तोच पदरात पडाले किती चकरा माराव्या लागल्या ते पुसू नका.

सबा_मूर्तिजापूर
सगळ्यांचं वाचलं, वहीत उतरवलं. जिन खरा राहतोय, ठरलं. स्टेशनातच राहील, रुळापलीकडचं त्याला दिसत नाही. तो झीनतला एवढंच सांगतो की रोज रात्री जिनिंगच्या बाजूने पाणी पडल्याचा आवाज येतो, आणि त्याचा अर्थ त्यालाही माहीत नाही. बाकी तिला शोधायचं आहे. दादीचं वाक्य पहिल्या प्रकरणात. झीनत नववीत. @हाफिजजींचा_नातू, सुलेमानी काठीचा किस्सा दादी रजईला टाके घालताना सांगेल, चालेल ना? @अकरावी_ब, पहिलं प्रकरण झालं की तुला पाठवते, राग आला तर तसं लिही.

भाऊ, एकच अडलंय. कापूस ओला आहे हे झीनतने जागेवर कसं ओळखायचं? यंत्र तर ग्रेडरच्याच हातात असणार.

कास्तकार_पातूर
यंत्र कायले पायजे. कापसातली सरकी काढाची अन् दाताखाली धराची. वाळली असन तं कट्ट वाजते, ओली असन तं चावल्या जाते, आवाज नाही. खरेदी केंद्रावर ८ टक्के ओलावा असला तं पूर्ण भाव, १२ च्या वर घेतच नाही, पण आमचा दात आधीच सांगून देते.

अकरावी_ब
पण तिचा रोजा आहे ना! दिवसा सरकी तोंडात कशी घालेल?

हाफिजजींचा_नातू
नाही घालणार. इफ्तारनंतर.

कास्तकार_पातूर
मंग दिवसा खिशात भरून न्याची अन् संध्याकाळची मगरीबची अजान झाली की पह्यले खजूर खाची, मंग सरकी. फक्त खिशात जास्त वेळ नको, अंगाच्या गरमीनं वाळते ते, डब्बीत बंद करून न्या.